दोन शस्त्रे, एक काडतूस

पवित्र शास्त्रात शिकाऱ्यांची नावे फार थोडी आहेत. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात निम्रोद येतो तो बलाढ्य पारधी म्हणून. पुढे एसाव येतो. वृद्ध बापाच्या आवडीचे मांस आणण्यासाठी तो धनुष्य आणि भाता घेऊन रानात जातो आणि परत येईपर्यंत आशीर्वाद गमावून बसतो. या दोघांपैकी एकालाही शास्त्राने आदर्श म्हणून आपल्यापुढे उभे केलेले नाही. तरीही लेवीय ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात शिकाऱ्यासाठी म्हणून एक नियम सांगितला आहे. रानात मारलेल्या पशूचे वा पक्ष्याचे रक्त त्याने जमिनीवर ओतावे आणि त्यावर माती लोटावी. मांस खाण्याची मुभा आहे, पण जीव हा देवाचा आहे, ही आठवण शिकाऱ्याने रानातच, कोणी पाहत नसताना, ठेवायची आहे.

या नियमाच्या प्रकाशात आम्ही आज एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे काडतूस. आणि त्यातही असे काडतूस, की जे कमरेच्या रिव्हॉल्वरलाही चालावे आणि खांद्याला लावायच्या रायफललाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील शिकारी, गुराखी आणि कारागीर यांनी जवळजवळ शंभर वर्षे या एका प्रश्नावर डोके चालवले. धर्मगुरूने असल्या विषयाला हात घालावा याचे वाचकांना नवल वाटेल, आणि ते साहजिक आहे. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शिकारीची साफ मनाई केली होती. १९१७ च्या धर्मसंहितेनेही शिकारीच्या नादी लागू नका, असे त्यांना बजावले. तेव्हा हा विषय आम्ही शिकाऱ्याच्या नव्हे, तर अभ्यासकाच्या नजरेनेच पाहू शकतो. परंतु माणसाच्या हाती आलेल्या शक्तीला माप कसे लावायचे, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा नाही. आणि या काडतुसाची सारी कथा ही मापाचीच कथा आहे.

तोड्यापासून टोपीपर्यंत

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पाव, चावी, बटाटा या शब्दांबरोबर त्यांनी हाही आपल्याला दिला. १७३९ साली वसईच्या किल्ल्यावरून त्यांचा ध्वज उतरला, पण शब्द मागे राहिले. शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनी हा शब्द वाचला तो १८५७ च्या प्रकरणात. एनफील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. आत मोजून घातलेली दारू आणि एक गोळी, बाहेरून चरबीचा लेप. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. त्या चरबीने हिंदू आणि मुसलमान शिपायांच्या धर्मभावनेला धक्का लागला आणि पुढे काय घडले ते सर्वज्ञात आहे. आपल्याला येथे एवढेच पाहायचे आहे, की त्या काळी काडतूस म्हणजे दारू आणि गोळी यांची एक पुडी होती. ठिणगी वेगळी द्यावी लागे.

या ठिणगीच्या इतिहासात धर्मसेवकांची नावे आढळतात, ही गोष्ट थोडी विलक्षण आहे. सोरा घातलेल्या आणि धडाक्याने फुटणाऱ्या एका खेळण्याचे वर्णन रॉजर बेकन या फ्रान्सिस्कन संन्याशाने १२६७ साली पोप चौथे क्लेमेंट यांच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात केले आहे. बंदुकीच्या दारूचा युरोपातील हा एक अगदी जुना उल्लेख होय. पुढे तोड्याची बंदूक आली, मग चकमकीची आली. चकमकीच्या बंदुकीत घोडा ओढला की आधी बाहेर ठिणग्या उडत, मग कानातील दारू भडके आणि क्षणभराने नळीतील दारू पेट घेई. पाण्यावरचा पक्षी त्या पहिल्या चमकेनेच उडून जाई. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता आणि रसायनशास्त्राचाही. आघात होताच स्फोट पावणारे क्षार वापरून त्यांनी नवी रचना केली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. आपल्याकडील म्हातारी माणसे 'टोपीची बंदूक' म्हणत ती हीच.

काही दशकांनी ही टोपी पुडीच्या आत जाऊन बसली. आता काडतुसाचे चार अवयव झाले. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. १८६० च्या हेन्री रायफलीत स्फोटक द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेले असे. घोडा त्या कडेला चेपून स्फोट करी. अशी पुंगळी एकदा उडाली की ती निकामी होई. परंतु टोपी बुडाच्या बरोबर मध्यभागी बसवण्याची युक्ती निघाली, तेव्हा एक नवीच शक्यता निर्माण झाली. जळालेली टोपी काढून नवी बसवावी, पुन्हा दारू भरावी, पुन्हा गोळी बसवावी, की तीच पुंगळी परत कामाला येई. हाताने काडतूस भरण्याची कला येथे जन्मली.

एक पट्टा, दोन शस्त्रे

१८७३ साली विंचेस्टर कंपनीने आपली प्रसिद्ध रायफल बाजारात आणली. तिचे काडतूस '४४-४०' या नावाने ओळखले गेले. गोळीचा व्यास इंचाच्या शंभरांश ४४ भागांच्या आसपास, आणि पोटात ४० ग्रेन काळी दारू. ग्रेन हे माप आपल्या वाचकांना परके वाटेल. पण सोनाराचा तोळा म्हणजे १८० ग्रेन आणि मासा म्हणजे १५ ग्रेन, हे सांगितले की ते घरचे होते. म्हणजे दारू पाव तोळ्याहून किंचित कमी आणि २०० ग्रेनची गोळी एका तोळ्याहून थोडी जड. ही रायफल पुढील अर्धशतकात सात लाखांहून अधिक तयार झाली.

त्याच १८७३ साली कोल्ट कंपनीचे सहा बारी रिव्हॉल्वर निघाले होते. त्याचे काडतूस मात्र निराळे, ४५ मापाचे होते. रानावनात महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला हा दुहेरी कारभार परवडत नसे. दोन प्रकारची काडतुसे बाळगायची म्हणजे ओझे दुप्पट, आणि घाईत एकाचे दुसऱ्यात घालण्याची धास्ती. दुकान चार-चार दिवसांच्या अंतरावर. अखेर १८७८ च्या सुमारास कोल्टने आपले रिव्हॉल्वर विंचेस्टरच्याच ४४-४० काडतुसासाठी बनवले. आता कमरेला एकच पट्टा पुरे झाला. हरीण दूर असले तर रायफल. जखमी जनावर झुडपात अडकले किंवा घोड्यावरून उतरायला सवड नसली तर रिव्हॉल्वर. काडतूस तेच.

याच सुमारास हाताने काडतुसे भरण्याची अवजारे घरोघरी पोहोचली. विंचेस्टर कंपनी स्वतःच गोळ्यांचे साचे आणि भरणीची हत्यारे विकत असे. १८८४ साली जॉन बार्लो यांनी न्यू हेवन येथे 'आयडियल' नावाचा कारखाना काढला. त्यांचे अवजार सांडशीसारखे, हातात मावणारे असे. शेकोटीवर शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, पुंगळ्या साफ करायच्या आणि दुसऱ्या दिवसाची काडतुसे रात्रीच तयार करायची, हा शिकाऱ्याच्या तळावरचा नित्यक्रम झाला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काडतूस एकच असले तरी दोन शस्त्रांतून त्याचे काम एकसारखे होत नाही. हातगाडीला चार पावले ढकलून सोडले आणि वीस पावले ढकलून सोडले, तर तिच्या वेगात जसा फरक पडतो तसेच हे आहे. रिव्हॉल्वरची नळी चार-सात इंच, रायफलीची वीस-चोवीस इंच. पेटलेल्या दारूचा वायू लांब नळीत गोळीला अधिक काळ ढकलत राहतो. शिवाय रिव्हॉल्वरचे फिरते चक्र आणि नळी यांच्यात फट असते. तेथून काही वायू निसटून जातो. म्हणून एकच काडतूस रायफलीतून पुष्कळच वेगाने जाते.

दुबळ्या सोबत्याचे माप

काळ्या दारूच्या काळात या जोडीचा संसार सुखाचा चालला, कारण काळ्या दारूला स्वतःचीच मर्यादा होती. पुंगळी काठोकाठ भरली तरी तिचा दाब एका हद्दीपलीकडे जात नसे. जणू दारूच्या अंगीच संयम होता. तो संयम १८८४ साली संपला. त्या वर्षी पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूर न करणारी नवी दारू तयार केली. ती थोडक्यात खूप दाब निर्माण करी. पुंगळीत अर्धी जागा रिकामी राहिली तरी आतील शक्ती शस्त्र फोडण्याइतकी असू शके. आता संयम दारूत राहिला नाही. तो भरणाऱ्याच्या हातात आणि तराजूत आला.

विंचेस्टरच्या १८९२ च्या रायफलीची रचना जॉन ब्राउनिंग यांची. ती पूर्वीच्या रायफलीपेक्षा खूप मजबूत होती. तिच्या भरवशावर विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांनी जुन्याच ४४-४० पुंगळीत अधिक जोराची काडतुसे भरून विकायला काढली. ती रायफलीत उत्तम चालत. परंतु बाहेरून ती जुन्या काडतुसांसारखीच दिसत, आणि रिव्हॉल्वरच्या चक्रातही तितक्याच सहजपणे बसत. खोक्यावर रिव्हॉल्वरमध्ये वापरू नका अशी सूचना छापलेली असे. पण खोके फेकले जाते आणि काडतूस पट्ट्यात राहते. जी जोडी माणसाची धास्ती कमी करण्यासाठी जमवली होती, तीच आता धास्तीचे कारण झाली.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे. दोन शस्त्रांनी एक काडतूस वाटून घ्यायचे, तर माप नेहमी दुबळ्याचेच असले पाहिजे. बळकट रायफल अधिक सोसू शकते, हे खरे. पण तिने आपल्या बळाप्रमाणे काडतूस मागितले, की सोबतीचे रिव्हॉल्वर फुटते आणि ते ज्याच्या हातात असते त्याचा हातही जातो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, जे सशक्त आहेत त्यांनी अशक्तांचा भार सोसावा आणि केवळ स्वतःच्या सुखाकडे पाहू नये, असा जो उपदेश केला आहे, तो लोखंड आणि पितळ यांनाही लागू पडावा याचे आम्हांस कौतुक वाटते.

आयडाहोचा गुराखी

हा पेच सोडवण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा आहे, तो कोणी अभियंता नव्हता. एल्मर कीथचा जन्म १८९९ साली मिसूरी राज्यात झाला. वाढला तो मोंटाना आणि आयडाहोच्या डोंगराळ मुलखात. लहानपणी मिझुला येथे एका हॉटेलला लागलेल्या आगीत तो भयंकर भाजला आणि त्याचा डावा हात अधू झाला. हा मुलगा वाचेल अशी फारशी आशा नव्हती. तो वाचला, हात कामाला लावला, घोडे वळवले, गुरे राखली आणि शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला. शाळा बेताचीच, पण वही आणि तराजू यांचा त्याला नाद होता.

कीथचा हेतू साधा होता. डोंगरात काम करणाऱ्या माणसाजवळ रायफल नेहमी असतेच असे नाही. कमरेचे रिव्हॉल्वर मात्र असते. त्याने एल्कसारखे मोठे जनावर एका गोळीत निश्चित पडावे. त्यासाठी तो ४५ मापाची काडतुसे हाताने भरून पाहू लागला. १९२५ साली चार जुलैला, रायफलीसाठी ओतलेली जड गोळी घालून भरलेल्या काडतुसाने त्याच्या रिव्हॉल्वरचे चक्र फोडले. सुदैवाने तो बचावला. रायफलीची मागणी रिव्हॉल्वरवर लादली की काय होते, हे त्याने स्वतःच्या हातात पाहिले.

त्याने मग शस्त्राचा नीट विचार केला. त्याच आकाराच्या चक्रात ४५ ऐवजी किंचित बारीक, ४४ मापाचे काडतूस घातले, तर भोकांभोवती पोलाद अधिक जाड राहते. १९०७ साली निघालेले '४४ स्पेशल' हे काडतूस त्याने निवडले. गोळीचा आकारही त्याने नव्याने ठरवला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस लायमन कंपनीने त्याचा साचा काढला. ही कंपनी १९२५ पासून जुन्या आयडियल कारखान्याची मालक होती. गोळीचे नाक टोकदार नव्हे तर रुंद आणि सपाट. मध्ये धारदार खांदा. बाजूने वंगणाची खोल खाच. आणि पुंगळीची कड आत दुमडून बसावी यासाठी आणखी एक खाच. शिशात थोडे कथील मिसळून ती कठीण केलेली.

या प्रत्येक गोष्टीला कारण होते, आणि ते कारण पुढे रायफलीलाही उपयोगी पडले. रायफलीच्या नळीखालील कोठारात काडतुसे एकामागे एक, ओळीने बसतात. गोळी टोकदार असली तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि धक्क्याने कोठारातच स्फोट होऊ शकतो. सपाट नाकाने हा धोका टळतो. पुंगळीची दुमडलेली कड तर दोन विरुद्ध ओढींना तोंड देते. रिव्हॉल्वरच्या धक्क्याने चक्रातील न उडालेल्या गोळ्या पुढे सरकू पाहतात, तर रायफलीच्या कोठारात त्या मागे, पुंगळीच्या आत दबू पाहतात. एकाच खाचेत नीट दुमडलेली कड दोघांनाही आवरते. दोन स्वभावांच्या माणसांत एकच नियम दोघांचे रक्षण करतो, असे हे उदाहरण आहे.

एक अष्टमांश इंच

पंचवीसहून अधिक वर्षे कीथ कारखान्यांना सांगत राहिला, की तुम्हीच असे काडतूस काढा. मासिकांत लेख लिहिले, पत्रे लिहिली. १९३५ साली '३५७ मॅग्नम' हे शक्तिशाली काडतूस निघाले. स्मिथ अँड वेसन कंपनीचे डग्लस वेसन आणि हाताने काडतुसे भरण्याच्या शास्त्रावर लिहिणारे फिलिप शार्प यांचा त्यात मोठा हात होता. पण कीथचे समाधान झाले नाही. मोठी गोळी मध्यम वेगाने जावी, हा त्याचा आग्रह कायम राहिला.

१९५५ च्या अखेरीस रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन या दोन कंपन्यांनी मिळून '४४ मॅग्नम' तयार केले. या वेळी कारखान्यांनी पन्नास वर्षांपूर्वीची चूक होऊ दिली नाही. नव्या काडतुसाची पुंगळी जुन्या ४४ स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच लांब ठेवली. त्यामुळे ती जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्वरच्या चक्रात पूर्ण बसतच नाही. खोक्यावरील सूचना फाटते, हरवते, कोणी वाचत नाही. हा अष्टमांश इंच मात्र अंधारातही आपले काम करतो. आम्हांला मोहात पडू देऊ नको, अशी प्रार्थना आपण रोज करतो; आणि मोहाची वाटच अरुंद करून ठेवणे हेही त्या प्रार्थनेचेच अंग आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कीथने आपल्या २५० ग्रेनच्या गोळीला सेकंदाला १२०० फूट एवढाच वेग मागितला होता. कारखान्यांनी २४० ग्रेनची, म्हणजे एक तोळा चार मासे वजनाची गोळी घेतली आणि वेग त्याहून बराच वाढवला. मागणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला शक्तीचे आकर्षण अधिक, असे येथे दिसते. १९७१ साली 'डर्टी हॅरी' हा चित्रपट आला आणि त्यातील पोलिसाच्या हातात हेच रिव्हॉल्वर होते. एल्कसाठी घडवलेले हत्यार पडद्यावर माणसांवर रोखले गेले आणि त्याच्या शक्तीचा डौल हाच त्याच्या खपाचा आधार झाला. निम्रोदाचा वारसा असा चालतो.

पुन्हा जोडी, पुन्हा अडचणी

रिव्हॉल्वरसाठी जन्मलेले हे काडतूस आता रायफलीकडे निघाले. १८७३ साली रायफलीचे काडतूस रिव्हॉल्वरने स्वीकारले होते. या वेळी प्रवास उलट झाला. १९६१ साली रुगर कंपनीने या काडतुसाची लहान रायफल काढली आणि १९६९ साली मार्लिन कंपनीने आपली १८९४ ची जुनी रचना त्यासाठी पुन्हा सुरू केली. जुन्या स्वप्नातील एक पट्टा पुन्हा शक्य झाला.

परंतु हाताने काडतूस भरणाऱ्याचे खरे कष्ट येथेच सुरू होतात. कारखान्यांच्या तक्त्यांत २४० ग्रेनच्या गोळीचा वेग चार इंची रिव्हॉल्वरमधून सेकंदाला ११८० फूट दिला जातो आणि वीस इंची रायफलीतून १७६० फूट. आघाताची शक्ती दुपटीहून अधिक होते. जी मऊ गोळी रिव्हॉल्वरमधून जाऊन बेताची पसरते, ती रायफलीतून गेली तर जनावराच्या अंगात लवकर फुटून तुकडे होऊ शकते. खोलवर न पोहोचता ती वरवर मोठी जखम करते आणि जनावर पळून जाते. उलट, रायफलीसाठी कठीण केलेली गोळी रिव्हॉल्वरच्या मंद वेगात पसरतच नाही. कीथच्या रुंद, सपाट नाकाच्या गोळीचे महत्त्व येथे कळते. तिचे काम पसरण्यावर अवलंबून नसते. तिचा आकारच ते काम करतो, मग वेग कमी असो वा जास्त.

आणखीही अडचणी आहेत. रिव्हॉल्वरच्या नळीतील आटे गोळीला वीस इंचांत एक वेढा देतात, तर मार्लिनच्या नळीत तोच वेढा अडतीस इंचांत पुरा होई. फार लांब आणि जड गोळी अशा नळीतून डोलत जाते. मार्लिनची नळी बहुधा हजारांश इंचाने सैल. तिला थोडी जाड गोळी हवी. पण ती जाड गोळी रिव्हॉल्वरच्या चक्रात अडते. रुगरच्या स्वयंचलित रायफलीत नुसत्या शिशाची गोळी वापरू नये असे कंपनीच सांगे, कारण वायू जाण्याची बारीक वाट शिशाने बुजते. म्हणजे नाव एकच असले तरी दोन शस्त्रांचा संसार आपोआप होत नाही. भरणारा मनुष्य दोन्ही शस्त्रे समोर ठेवतो. एक बदल करतो, पाहतो, वहीत लिहितो, मागे येतो, पुन्हा पाहतो. शेवटी जे काडतूस उरते ते दोघांपैकी एकालाही सर्वोत्तम नसते. ते दोघांनाही चालणारे असते, आणि त्यासाठी प्रत्येकाने काहीतरी सोडलेले असते.

एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर एका शब्दात द्यायचे तर दयेसाठी. निदान उत्तम शिकाऱ्यांनी तरी ते तसे दिले आहे. जखमी होऊन निसटलेले जनावर दिवसेंदिवस तडफडून मरते. म्हणून गोळी अशी असावी, की मृत्यू तात्काळ यावा. शिकाऱ्यांचे पालक मानले जाणारे संत ह्युबर्ट हे लिएजचे बिशप होते. ७२७ साली ते निवर्तले. गुड फ्रायडेच्या दिवशी शिकारीला गेले असता त्यांना सांबराच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. जर्मन भाषिक प्रदेशांत आजही पडलेल्या जनावराच्या मुखात हिरवी डहाळी ठेवण्याची रीत पाळली जाते; तो त्याचा शेवटचा घास. लेवीय ग्रंथातील मातीची ओंजळ आणि ही डहाळी, दोन्ही एकाच भावनेची रूपे होत.

पण दयेची ही भाषा फार सावधपणे वापरली पाहिजे. एक उदाहरण आपल्याच देशाचे आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रशाळेत १८९० च्या दशकात अंगात शिरताच पसरणारी गोळी तयार करण्यात आली. तिचा उपयोग सरहद्दीवरील माणसांविरुद्ध झाला. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरण्याविरुद्ध जाहीरनामा काढला. शिकारीत मात्र तीच रचना जनावराला लवकर मृत्यू देणारी म्हणून योग्य समजली जाते. गोळी तीच, रणांगणावर ती क्रौर्य ठरते आणि रानात करुणा. म्हणजे नीती पितळेत किंवा शिशात नसते. ती हेतूमध्ये असते, आणि आपल्याला कोठे थांबायचे हे कळण्यात असते.

कीथच्या आयुष्यातही हा प्रश्न उभा राहिला. सोबत्याच्या रायफलीने जखमी झालेले हरीण निसटू लागले, तेव्हा आपण सुमारे सहाशे यार्डांवरून ४४ मॅग्नम रिव्हॉल्वरने त्याला गाठले, असे त्याने लिहिले. पुष्कळांना ते खरे वाटले नाही आणि वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. आमच्या दृष्टीने नेमबाजीच्या वादापेक्षा मूळ हेतू महत्त्वाचा. जखमी जनावर सोडून द्यायचे नाही, हे कर्तव्य झाले. परंतु तसली नेमबाजी धडधाकट हरणावर करून पाहावी असे त्यावरून कोणाला वाटले, तर दयेचा लगेच डौल होतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मनुष्याला प्राण्यांचा उपयोग करण्याची मुभा सांगितली आहे आणि त्याबरोबरच, विनाकारण त्यांना यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही बजावले आहे.

दयेचे माप काळाबरोबर वाढत जाते, हेही या इतिहासात दिसते. शिशाच्या गोळीचे बारीक कण सोडून दिलेल्या आतड्यांत राहतात आणि ते खाऊन काँडोर नावाची गिधाडे विषबाधेने मरतात, असे आढळून आले. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ साली कायदा केला आणि जुलै २०१९ पासून तेथे शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीतील जागा खाते आणि जुन्या आट्यांत डोलते. भरणाऱ्याला वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडावी लागली. पूर्वी तो दोन शस्त्रे आणि एक हरीण यांचा विचार करी. आता मागाहून येणाऱ्या पक्ष्याचाही करतो.

आपल्या देशात ही कला कोणी घरी करू शकत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद केले. ते योग्यच झाले. आपल्या जंगलांची आजची अवस्था पाहता आपल्यासाठी दयेचे माप म्हणजे न मारणे हेच आहे.

मग आमच्या वाचकांनी या कथेतून काय घ्यावे? एवढेच, की ज्या घरात, ज्या धर्मग्रामात बळकट आणि दुबळा यांनी एकत्र राहायचे आहे, तेथे माप दुबळ्याच्या बेताने ठरले पाहिजे. कमावता मुलगा आणि थकलेला बाप, शिकलेली सून आणि अडाणी सासू, भरभक्कम देणगी देणारा आणि दोन नाणी टाकणारी विधवा यांना एकाच छपराखाली आणि एकाच वेदीभोवती नांदायचे आहे. बळकटाला आणखी पुष्कळ सोसवेल, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याने आपल्या बळाच्या मापाने सर्वांना भरायला सुरुवात केली, की प्रथम फुटतो तो शेजारचा. त्याला राखण्यासाठी फार मोठा त्याग लागतो असेही नाही. बहुतेक वेळा एक अष्टमांश इंच पुरतो. मात्र तो आधीच, शांत मनाने, मोजून ठेवलेला असावा लागतो.